काळ्या टपाची पिवळी गाडी

तिला सगळे अर्धीमावशी म्हणत. उंचीनं अर्धी नव्हती, अकलेनं तर मुळीच नव्हती, आणि जिभेनं म्हणाल तर चांगली दीडपट होती. पण फिरत्या वाचनालयाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसायचं, कर्ण्यावरून रस्त्याला गोष्ट वाचून दाखवायची आणि ऐन मोक्याला पुस्तक मिटून ‘पुढचं पुस्तकात!’ म्हणायचं, हे तिचं काम. उभ्या आयुष्यात तिनं लोकांना एक गोष्ट पुरती सांगितली नाही, म्हणून अर्धी.

लोकांना याची गंमत वाटायची. पूर्वी मावशीलाही वाटायची. पुढं पुढं मात्र तिच्या घरात गर्दी झाली. पोहऱ्याबरोबर विहिरीत उतरलेला पोरगा, गच्चीच्या कठड्याबाहेर एक पाय टाकलेला कारकून, विषाचा पेला ओठाशी नेलेली धाकटी सून. ज्याला जिथं सोडलं तो तिथंच. मावशी भाजी चिरायला बसली की पाठीमागं कुणीतरी श्वास रोखून उभं असायचं. वळून बघावं तर कुणी नाही, मोरीतला नळ तेवढा टिपकत असायचा. त्या रिकाम्या भिंतीला ती म्हणायची, “थांबा जरा, हातातलं होऊ दे.”

नवरा लवकर गेला होता, घरात होती ती नणंद. दोघींचं पटायचं नाही आणि एकमेकींवाचून पानही हलायचं नाही. नणंद म्हणायची, “वहिनी, घरात माणसं दोन. तुम्ही थांबवताय कुणाला?”

आता कुणी म्हणेल, एवढं छळतं तर शेवट वाचून टाकायचे की! पुस्तकांच्या गाडीत बसणाऱ्या बाईला पुस्तकांचा दुष्काळ आहे होय? पण तिथं तिच्या बापाचा नियम आडवा यायचा. बाप सिनेमाचा भोंगेवाला. हातगाडीवर मोठं चित्र लावून, पत्र्याचा भोंगा तोंडाला धरून तो गल्लीबोळ हिंडायचा आणि सिनेमाची कहाणी सांगत सुटायचा. ‘आणि तेवढ्यात खोलीतला दिवा गेला!’ एवढं ओरडून गप्प. त्यानं स्वतः एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही. “शेवट कळला की तो आवाजात उतरतो गं पोरी,” तो म्हणायचा. “ऐकणाऱ्याला वास लागतो. मग कशाला तिकीट काढेल तो? आपण त्याच्याइतकंच अडाणी राहायचं.” बाप गेला, भोंगा गंजला, नियम तेवढा लेकीच्या गळ्यात राहिला.

वाचनालयाची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. गाडी फार उशिरा आली. सुरुवातीला एक पत्र्याची पेटी होती. ग्रंथपालसाहेब तरुण होते, डोक्यावर केस होते आणि डोक्यात खूळ. वाचनालयात लोक येत नाहीत, तर वाचनालयच लोकांकडं जाईल, असं त्यांनी ठरवलं. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधायची आणि न्हाव्याच्या दुकानात, टपाल कचेरीत, गिरणीच्या फाटकाशी महिनाभर ठेवून यायची. न्हाव्यानं पेटीवर गिऱ्हाईक बसवलं. टपालवाल्यानं तिच्यावर पाय ठेवून पार्सलं बांधली. मग साहेबांनी पत्रकं छापली, ती चुलीत गेली. पुस्तक नेणाऱ्याला पेन्सिल फुकट, असं जाहीर केलं. लोक पेन्सिल घेऊन गेले आणि पुस्तक काउंटरवर विसरले. साहेबांनी हाय खाल्ली नाही. पेटीची हातगाडी झाली आणि हातगाडी ओढून कंबर गेली तेव्हा त्यांनी नगरपालिकेकडं मोटारीसाठी अर्जांचा पाऊस पाडला.

नगरपालिकेनं दिली एकदाची मोटार. जुनी, निकालात काढलेली, आणि काय असावी? शववाहिका! मढी नेणारी गाडी! बरोबर तिचा ड्रायव्हरही आला, कारण तो क्लच दुसऱ्या कुणाच्या बापाला जुमानत नव्हता. साहेबांनी स्ट्रेचरच्या जागी फळ्या ठोकल्या, एका बाजूचं बाकडं राहू दिलं आणि गाडीला बाहेरून झकास पिवळा रंग मारला. पण लोकांच्या डोळ्यांना कुठला रंग मारणार? गाडी दिसली की बायका मुलांना आत ओढायच्या. “या गाडीतून गेलेलं कधी परत येत नाही,” असं लोक म्हणायचे, आणि गंमत अशी की थोडीफार गेलेली पुस्तकंही परत येईनात.

तेव्हा साहेबांना भोंगेवाल्याच्या मुलीची आठवण झाली. मावशी गाडीत चढली, कर्णा लागला, आणि पहिल्याच चौकात तिनं विहिरीतल्या पोराचा दोर तुटता तुटता पुस्तक मिटलं. मग एक शिंपी गळ्यातली टेप सावरत पुढं आला आणि म्हणाला, “द्या बाई ते इकडं.” त्या दिवसापासून गाडीची भीती मोडली. दर पंधरवड्याला लोक रस्त्यावर वाट बघायला लागले.

गाडीचा एक थांबा गिरणीमागच्या तीन मजली इमारतीखाली होता. पूर्वी तिथं कामगारांची कुटुंबं दाटीवाटीनं राहायची. गिरणी बंद पडली आणि एकेक खोली रिकामी होत गेली. तिथं मावशीनं एका संध्याकाळी नावाड्याच्या बायकोची गोष्ट घेतली. नवरा पुरात बुडालेला, प्रेत सापडलेलं नाही. पावसाची रात्र. दार वाजतं. बाहेरून नवऱ्याचाच आवाज येतो, ‘उघड गं, भिजलोय मी.’ बायको उठते. अंधारात चाचपडत दाराशी येते. कडीला हात लावते...

“पुढचं पुस्तकात!” मावशी म्हणाली.

खाली नेहमीसारखा हलकल्लोळ झाला. पण वर तिसऱ्या मजल्याची एक खिडकी धाडकन उघडली आणि एका म्हातारीनं विचारलं, “उघडलं का तिनं?”

“पुस्तक न्या, आजी, कळेल!”

“मला वाचता येत नाही. उघडलं का, सांग.”

मावशीला काय माहीत? ती हसली, हात हलवला आणि गाडी निघाली. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच खिडकी, तोच प्रश्न. त्याच्या पुढच्या खेपेलाही तोच. मावशीनं फळ्या धुंडाळल्या तर पुस्तक नाही. कुणी नेल्याची नोंद नाही, कुणी परत दिल्याची नाही. साहेब म्हणाले, “गेलं असेल, आपल्याकडं ती परंपराच आहे.” आणि मावशीच्या घरात एक पाहुणी वाढली. बाकीचे निदान पाठीमागं उभे राहायचे. ही स्वयंपाकघराच्या दाराला पाठमोरी, कडीला हात लावून उभी, आणि मावशीला तिच्या अंगावरून वाकून दार लावावं लागायचं. नणंदेनं विचारलं, “दार लावताना अशा आखडून का जाता?” मावशी काय सांगणार, कपाळ?

मग एक दिवस इमारत पाडायची नोटीस लागली. त्या खेपेला गाडी थांबली तेव्हा रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मावशी कर्णा लावणार तेवढ्यात एक मध्यमवयीन बाई तरातरा जिना उतरून आली आणि गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली.

“अर्धीमावशी म्हणतात ती तुम्हीच ना? वरच्या खिडकीतली माझी आई. सगळी इमारत रिकामी झाली, उद्या माणसं पाडायला येणार. आई उठायला तयार नाही. पूर्वी खिडकीशी तरी बसायची. तुमची ती गोष्ट ऐकल्यापासून गाडी आली तेवढीच उठते, एरवी दाराशी बसते, कडीवर हात ठेवून. म्हणते, त्या बाईनं उघडलं की नाही ते कळल्याशिवाय मी हलणार नाही. जेवत नाही, झोपत नाही. उद्या ते लोक उचलून नेतील तिला, आणि मग ती जगायची नाही, मी सांगते तुम्हाला. कुठं सोडून गेलात हो तुम्ही माझ्या आईला?”

मावशीनं कर्णा बाजूला ठेवला आणि ती जिना चढली. वर गेल्यावर मुलीनं दार वाजवलं नाही, “आई, मी आहे,” अशी हाक मारली. “आमचं दार कुणी ठोठावत नाही,” ती हळूच म्हणाली. “दूधवालासुद्धा हाकच मारतो. वाजवलं तर आई उघडत नाही.”

दार किलकिलं झालं. आत एक खोली, एक खाट, खुंटीवर गिरणीचा निळा सदरा, आणि दाराला चिकटवून ठेवलेलं स्टूल. म्हातारी पुन्हा त्यावर बसली. अंगावर मूठभर मांस नव्हतं, पण नजर अशी की सुईत दोरा ओवावा.

“आलीस? उघडलं का तिनं?”

“मला ठाऊक नाही, आजी,” मावशी म्हणाली. “मी शेवट वाचत नाही.”

म्हातारीनं विचारलं, “ठाऊक नाही? मग त्या बिचारीला तिथं उभं कशाला केलंस?”

मावशीला भरून आलं. तोंड लपवायला ती खिडकीशी गेली, आणि तिनं खाली बघितलं. खाली रस्त्यावर शववाहिका उभी होती. गाडीला पिवळा रंग चारी बाजूंनी दिला होता, टप तसाच राहिला होता. टप कोण बघतंय, असं म्हणून साहेबांनी तेवढाच रंग वाचवला असणार. वरून दिसत होता तो नुसता काळा टप आणि त्यावरची पांढरी पट्टी, पूर्वी होती तशीच्या तशी. अख्ख्या शहराला पिवळी गाडी दिसत होती. या एका खिडकीला दर पंधरवड्याला मढ्याची गाडी दिसत होती, आणि त्या गाडीतून आवाज येत होता की कुणीतरी दार वाजवतंय.

ती खाली आली तेव्हा ड्रायव्हर स्टीअरिंगला धरून समोर बघत होता. हा माणूस बोलायला लागला की समजावं, काहीतरी मोडलंय. मावशी म्हणाली, “दादा, त्या बाईला शेवट सांगितला पाहिजे हो. कुठून आणू मी?”

ड्रायव्हर वाकला. सीटखालून त्यानं चिंध्यांत गुंडाळलेलं पुस्तक काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

“तुम्ही? तुम्ही लपवलंत?”

“तुम्ही वाचलंत त्याच संध्याकाळी,” तो म्हणाला. “त्या खिडकीखाली दुसऱ्यांदा वाचायला नको म्हणून.” आणि मग त्यानं सांगितलं, तुटक तुटक, गिअर बदलावा तसं. बरीच वर्षं झाली. गिरणीत वाफेची टाकी फुटली. या म्हातारीचा मुलगा गेला. इस्पितळातून त्याला याच गाडीतून घरी आणला, आईला शेवटचं तोंड दाखवायला. सोबतची माणसं खाली रडत बसली, वर जायला कुणी धजेना. मग ड्रायव्हरच जिना चढला आणि तळहातानं तीनदा दार वाजवलं. आतून ती म्हणाली, ‘माझा मुलगा दुसऱ्या पाळीला गेलाय. सुटला की येईल. तुम्ही चुकीचं दार वाजवताय.’ तो थांबला, पुन्हा वाजवलं, विनवण्या केल्या. कडीचा आवाज झाला, म्हणजे हात होता कडीवर. पण दार उघडलं नाही. शेवटी खालच्यांनी हाक मारली, उशीर होतोय म्हणून. गाडीत चढताना त्यानं वर बघितलं, तर ती खिडकीतून त्याच्याकडंच बघत होती. त्यानं गाडी काढली.

“तेव्हापासून मी कुणाचं दार ठोठावलं नाही, ताई,” तो म्हणाला. “स्वतःच्या घरीसुद्धा हाक मारतो.”

मावशीनं पुस्तक उघडलं. बापाचा नियम मोडून आयुष्यात पहिल्यांदा शेवटचं पान काढलं आणि वाचलं. पुस्तकात बायको दार उघडत नाही. बाहेरचा आवाज थकत जातो, मग थांबतो. पहाट होते, पाऊस ओसरतो, आणि शेवटची ओळ अशी होती, ‘ते दार पुन्हा कधीच उघडलं नाही.’

“वाचलंत?” ड्रायव्हर म्हणाला. “हे वाचून दाखवणार तिला?”

मावशीनं पुस्तक मिटलं. त्या रात्री घरी ती पाठमोरी बाई पहिल्यांदा जराशी वळली, असं तिला वाटलं. मावशीनं डोळे मिटून घेतले. तोंड बघायची छाती झाली नाही.

सकाळी थांब्याचा दिवस नसताना गाडी इमारतीखाली आली. पाडणारे मजूर कुदळी टेकवून बिड्या ओढत होते, मुलगी त्यांच्या मुकादमाच्या हातापाया पडत होती. मावशी पुस्तक घेऊन निघाली. तेवढ्यात ड्रायव्हर उतरला. गाडी सोडून तो कधी उतरत नसे. म्हणाला, “थांबा. हाक मारू नका. हे काम माझं राहिलंय.”

तो पुढं, मावशी मागं, तिच्यामागं मुलगी. तिसऱ्या मजल्यावर त्यानं टोपी काढली आणि तळहातानं दार वाजवलं. एक. दोन. तीन. मुलगी “अहो, नको,” म्हणून पुढं झाली, मावशीनं तिचा दंड धरला. आत काही हललं नाही. मग कडी वाजली. आणि पुन्हा शांतता. मावशीला वाटलं, झालं, इथंच मिटलं पुस्तक. तिनं आजवर कधी देवाकडं काही मागितलं नव्हतं, ते तेव्हा मागितलं.

दार उघडलं. म्हातारीनं ड्रायव्हरचं तोंड नीट न्याहाळलं.

“म्हातारा झालास रे,” ती म्हणाली. मग त्याच्या खांद्यावरून जिन्याकडं बघून विचारलं, “आणलंस का त्याला?”

ड्रायव्हर, ज्याला दोन शब्द जुळवताना घाम फुटायचा, तो सरळ म्हणाला, “आणलंय, आजी. खाली गाडीत आहे.”

म्हातारीनं खुंटीवरचा निळा सदरा काढला, घडी घातली आणि जिना उतरायला लागली. किती वर्षांत ती तो जिना उतरली नव्हती. मजूर बाजूला झाले. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं. ती आत चढली, पुस्तकांकडं ढुंकून न बघता बाकड्याशी गेली, आणि लहान मुलाची जागा पुसावी तसं तिनं बाकडं तळहातानं पुसलं. त्यावर सदरा ठेवला. शेजारी बसली. मग तिला रडू फुटलं, मोठ्यानं, गाडीच्या पत्र्याला कापरं भरेल असं. तिला कुणी थांबवलं नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “आता वाच.”

कर्णा बंद होता. मावशी समोर बसली, पुस्तक उघडलं, आणि ड्रायव्हरनं मान फिरवून काचेबाहेर बघायला सुरुवात केली. मावशीनं पानावर बोट ठेवलं आणि वाचलं. बोट एका वाटेनं जात होतं, आवाज दुसऱ्या.

“बायकोनं कडी काढली. दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पायरी ओली होती. ती खाली बसली आणि तळहातानं पायरी पुसली. म्हणाली, ये, बस जरा. तो बसला. तिला दिसला नाही, पण बसला. मग उजाडायच्या आत गेला.”

“न बोलताच गेला?”

“बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आजी. त्याची पाळी सुटली होती.”

म्हातारी सदऱ्याच्या बटणांवरून बोट फिरवत होती. ते बोट थांबलं. तिनं मावशीच्या डोळ्यांत बघितलं.

“नावाड्याला कसली गं पाळी?”

मावशीनं पुस्तक मिटलं. म्हातारीनंच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“असेल,” ती म्हणाली. “असेल, असेल.” आणि मुलीकडं वळून, “चल, कुठं न्यायचं ते ने मला.”

इमारत त्याच आठवड्यात पडली. मावशीनं साहेबांना सांगून टाकलं, यापुढं मी पूर्ण गोष्ट वाचणार, परवडत नसेल तर दुसरी बाई बघा. साहेब भांडले, रुसले, मग गप्प बसले. शेवट कळला तरी लोक पुस्तकं नेत होते, हे बापानं बघायला हवं होतं. आणि मावशी एकेकाला सोडवत गेली. पोरगा विहिरीतून वर आला, कारकून कठड्यावरून मागं फिरला, धाकटी सून मात्र वाचली नाही, पण गेली तरी एकदाची. घर मोकळं व्हायला लागलं. नणंद म्हणाली, “वहिनी, हल्ली तुम्ही कुणाला थांबा म्हणत नाही.”

काही महिन्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या थांब्यावर म्हातारीची मुलगी आली. आई बरी आहे म्हणाली. दार दिवसभर उघडं टाकते, मांजरं शिरतात घरात, असं कौतुकानं सांगितलं. आणि मग म्हणाली, “आई सारखी त्या शेवटाबद्दल बोलते हो. ते पुस्तक द्या ना, मलाही वाचायचाय.”

ड्रायव्हर समोर बघत म्हणाला, “ते होय? ते गेलं, ताई. या गाडीतून गेलेलं कधी परत आलंय?”

मुलगी हसली, दुसरं पुस्तक घेऊन गेली. गाडी निघाली. वळणावर सीटखालून ते चिंध्यांतलं पुस्तक घरंगळत मावशीच्या पायाशी आलं. तिनं ते उचललं नाही, टाचेनं हळूच मागं सारलं. घरातले बाकी सगळे गेले होते. ही एक, नावाड्याची बायको, गेली नव्हती. हिचा खरा शेवट मावशीला ठाऊक होता, आणि तो तिनं कुणाला वाचून दाखवला नव्हता. आज संध्याकाळी घरी गेल्यावरही ती स्वयंपाकघराच्या दाराशी तशीच उभी असणार, कडीला हात लावून, आणि तिला उघड म्हणायचं तर आता कुठल्या तोंडानं?